लाल नाकाचे तीन मासे, नाव मात्र एकच

(वाचकांचे प्रश्न : घरातली मत्स्यटाकी)

प्रश्न : नाशिकमधल्या दुकानातून बारा रमीनोज, म्हणजे लाल नाकाचे टेट्रा मासे आणले. साठ लिटरची टाकी दोन महिने चालू आहे. दोन दिवसांनी नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की नऊ माशांचा लाल रंग कल्ल्याच्या मागे अंगावर उतरलाय आणि तिघांचा कल्ल्यापाशीच थांबलाय. दुकानदार म्हणतो, ते तीन अशक्त आहेत, रंग भरेल. की मला दोन वेगळ्या जाती मिळाल्या? ओळखायचं कसं?
– इंदिरानगर

उत्तर : दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, म्हणूनच केवळ लाल रंग बघून निकाल देऊ नका. दुकानात ‘रमीनोज’ या एका नावाखाली दक्षिण अमेरिकेतल्या तीन वेगळ्या प्रजाती विकल्या जातात. पहिली ‘रोडोस्टोमस’. तिचं वर्णन १९२४ साली झालं. ही ॲमेझॉनच्या खालच्या टप्प्यातली, ब्राझीलच्या पारा राज्याकडची. दुसरी ‘जॉर्जी’, १९६४ सालची, पेरूकडच्या वरच्या ॲमेझॉनमधली. तिसरी ‘ब्लेहेरी’, १९८६ सालची, रिओ नेग्रो आणि कोलंबियातल्या मेटा नदीच्या खोऱ्यातली. पहिली आणि तिसरी बरीच वर्षं हेमिग्रामस या वंशात (जीनसमध्ये) होत्या. २०२०मध्ये जनुकांच्या अभ्यासावरून तिघींनाही पेटिटेला या एकाच वंशात आणलं गेलं. त्यामुळे जुन्या पुस्तकात हेमिग्रामस ब्लेहेरी आणि नव्या यादीत पेटिटेला ब्लेहेरी दिसलं तर गोंधळू नका, मासा तोच आहे.

आधी शेपटी बघा, डोकं नंतर. तिघींच्याही शेपटीवर पांढऱ्या जमिनीवर काळे आडवे पट्टे असतात, म्हणजे वरच्या पाकळीवर एक, खालच्या पाकळीवर एक आणि मधोमध एक. पैकी मधल्या पट्ट्यावर नजर ठेवा. तो शेपटीच्या परातून निघून शेपटीच्या देठावर, म्हणजे पराआधीच्या अंगाच्या अरुंद भागावर येतो आणि निमुळता होत अंगावर पुढे सरकतो का? तसा स्पष्ट सरकत असेल आणि लाल रंग डोक्यापुरताच असेल, तर मासा रोडोस्टोमस. काळा पट्टा शेपटीपाशीच संपत असेल आणि लाल रंग कल्ल्याच्या झाकणामागे खांद्यावर उतरत असेल, तर ब्लेहेरी. देठाच्या वरच्या कडेला, शेपटी सुरू होण्याच्या जरा आधी, वेगळा काळा डाग असेल तर जॉर्जी. हा डाग वरच्या कडेचा असल्याने समोरून पटकन दिसत नाही, मासा थोडा तिरका वळला की दिसतो.

काळ्यावर इतका भर देण्याला कारण आहे. लाल रंग माशाच्या तब्येतीप्रमाणे, दिव्याप्रमाणे, अगदी तासातासाने बदलतो. रात्री दिवा बंद असताना रमीनोजचं नाक फिकट गुलाबी होतं. पिशवीतल्या प्रवासानंतर तर डोकं जवळजवळ पांढरं दिसतं. लाल ओसरताना तो मागून पुढे ओसरतो, म्हणजे दमलेल्या ब्लेहेरीचा लाल पट्टा आखडून कल्ल्यापाशी येतो आणि मासा थेट रोडोस्टोमससारखा दिसू लागतो. दुकानदाराचं म्हणणं म्हणूनच उडवून लावता येत नाही. काळ्या खुणाही थोड्या फिकट होतात, पण त्यांची जागा बदलत नाही.

म्हणून असं करा. सकाळी दिवा लावल्यावर दोन तास जाऊ द्या. मासे खाऊन निवांत झाले की त्या तिघांकडे बघा. काळी रेघ पुढे येत असेल किंवा देठावर डाग असेल, तर तुमच्याकडे दोन जाती आहेत. रेघही नाही, देठावर डागही नाही, नुसता लाल कमी, तर ते फिकटलेले ब्लेहेरीच. मग प्रश्न ओळखीचा राहत नाही, पाण्याचा होतो.

डोळ्यांनी ठरत नसेल तर फोटो काढा. मोठ्या टाकीत फिरत्या माशाचा फोटो कधीच कामाचा येत नाही. काचवाल्याकडून पाच तुकडे कापून घेऊन २० सेंमी लांब, १५ सेंमी उंच आणि ५ सेंमी रुंद अशी अरुंद पेटी सिलिकॉनने जोडा. सिलिकॉन ॲक्वेरियमचं घ्या. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना चालत नाही. जोड चोवीस तास वाळू द्या, मग पेटी भरून एकदा पाणी टाकून द्या. १२ सेंमीपर्यंत टाकीतलंच पाणी भरलं की साधारण १.२ लिटर होतं. मागे राखाडी कार्डबोर्ड लावा. पांढऱ्यावर पारदर्शक पर हरवतात, काळ्यावर काळे डाग हरवतात. काचेवर पारदर्शक मोजपट्टी चिकटवली की लांबीही कळते. एका वेळी दोन मासे सोडा, एकटा मासा घाबरून रंग टाकतो. दहा मिनिटं वर झाकण ठेवून थांबा, मग वरून दिवा द्या, फ्लॅश बंद ठेवा, मोबाइल काचेला समांतर धरून दोन पट झूमवर फोटो घ्या. मोबाइल अगदी जवळ नेऊन साध्या लेन्सने काढलेल्या फोटोत डोकं फुगतं आणि शेपटी आखडते, त्यावरून काही ठरवता येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत मासे परत टाकीत.

फोटोत आणखी एक गोष्ट तपासा. पाठीच्या परानंतर आणि शेपटीच्या आधी एक बारीकसा, शिरा नसलेला मांसल पर असतो. त्याला अॅडिपोज म्हणतात. रमीनोजला तो असतो. रासबोरा, डॅनिओ, बार्ब या आपल्या आशियातल्या माशांना तो नसतो. ‘टेट्रा’ म्हणून घेतलेल्या माशाला तो नसला तर आधी टेट्रा आहे का हेच तपासायला हवं. मात्र दक्षिण अमेरिकेतल्या काही पेन्सिलफिशलाही तो नसतो आणि भांडणात तुटूही शकतो, त्यामुळे एकाच माशावरून ठरवू नका, चार तरी बघा.

आता पाणी. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट २० मिग्रॅ प्रतिलिटरच्या आत. दोन महिन्यांच्या टाकीत एकदम बारा मासे पडले की फिल्टरमधल्या जिवाणूंवर ताण येतो आणि पहिले आठ-दहा दिवस नायट्राइट चढू शकतं. रोज मोजा. चढलं तर २५ टक्के पाणी बदला, खाणं निम्मं करा. नळाचं पाणी डिक्लोरिनेटर घालूनच वापरा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर क्लोरीन दाखवत नाही, हे विसरू नका. बोअरचं पाणी वापरत असाल तर आपल्याकडे ते बहुतेकदा जड असतं. समजा टीडीएस ४०० आहे आणि आरओचं २०, तर निम्मं-निम्मं मिसळून २१० येईल. पण टाकीतलं पाणी एकाच दिवशी २१०वर आणू नका, प्रत्येक वेळी १० टक्केच बदला. रमीनोजला २५ ते २८ अंश तापमान मानवतं. नाशिकच्या थंडीत रात्री खोलीतलं पाणी १८-२० अंशांवर उतरतं आणि सकाळी नाकं पांढरी दिसतात. साठ लिटरला ७५ वॉटचा हीटर पुरतो. डिसेंबरची वाट न बघता दिवाळीतच लावा.

दोन जाती निघाल्या तरी एकत्र राहायला हरकत नाही, त्या एकाच थव्यात पोहतात. पिल्लं काढायची असतील तरच वेगळ्या करा. दुकानदारानेही फसवलंच असेल असं नाही, मिश्रण बहुधा घाऊक मालातच होऊन येतं.

प्रश्न : ‘ग्रीन निऑन’ म्हणून दिलेल्या माशांत लाल रंग फारच कमी आहे. हे निऑनच नाहीत ना? कार्डिनल वेगळा कसा?
– सिडको

उत्तर : इथे रंग उपयोगी पडतो, कारण प्रश्न रंग किती गडद याचा नाही, तो कुठून कुठपर्यंत याचा आहे. कार्डिनलचा लाल पट्टा डोक्याखालून शेपटीपर्यंत सलग. निऑनचा लाल पोटाच्या मध्यापासून मागेच, पुढचं पोट रुपेरी. ग्रीन निऑनला मागच्या भागात लालसर छटा असते, पण निळी रेघ थेट शेपटीच्या बुडापर्यंत जाते. साध्या निऑनची निळी रेघ अॅडिपोज पराच्या आसपास संपते. आकारही बघा. ग्रीन निऑन दोन-अडीच सेंमीच राहतो, निऑन साधारण साडेतीन, कार्डिनल चार-साडेचार.

निळा रंग मात्र दिव्याच्या कोनाने बदलतो. तो रंगद्रव्य नव्हे. त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या पातळ चकत्यांचे थर असतात, त्यांवरून उजेड परतताना निळा-हिरवा दिसतो. वरून बघितलं तर हिरवा, समोरून निळा, रात्री जांभळट. फक्त ‘हिरवा दिसतो’ म्हणून ग्रीन निऑन ठरवू नका.

तुमच्या पत्रात एक वाक्य काळजीचं आहे, ‘दोघांच्या लाल पट्ट्यात मधेच पांढरट तुकडा आहे.’ ही वेगळी जात नाही. निऑनला प्लिस्टोफोरा नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे स्नायू पांढरे पडण्याचा रोग होतो, त्यात पट्टा असाच मधून तुटतो. पुढे पाठ वाकडी होते, मासा रात्री थवा सोडून एकटा भटकतो. यावर खात्रीचं औषध नाही. ते दोन मासे आजच वेगळे काढा. मेलेला मासा इतरांनी खाल्ला की रोग पसरतो, म्हणून रोज सकाळी मासे मोजा.

नावांच्या बाबतीत एक गंमत. कार्डिनलचं वर्णन १९५६च्या फेब्रुवारीत दोन वेगळ्या ठिकाणी एका दिवसाच्या फरकाने छापून आलं. एका दिवसाने आधीचं नाव ‘ॲक्सेलरोडी’ टिकलं, ‘कार्डिनालिस’ मागे पडलं. बाजारात मात्र हरलेलंच नाव चाललं.

प्रश्न : शेवाळ खायला ‘ओटो’ म्हणून चार छोटे मासे घेतले. तीन सेंमीचे आहेत. मित्र म्हणतो हे सकरचं पिल्लू आहे, दीड फुटाचं होईल.
– गंगापूर रोड

उत्तर : मित्राची शंका रास्त आहे. फोटोत तीन ओटो आणि एक सकर दिसतो. दोघांच्याही अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या पट्ट्या आणि तोंड खाली चिकटणारं, म्हणून पिल्लं सारखी दिसतात. पण ओटोच्या (ओटोसिंक्लस) नाकापासून शेपटीपर्यंत एक सलग काळी रेघ असते, पाठीचा पर छोटा, आणि अॅडिपोज पर नसतो. सकरच्या पिल्लाच्या पाठीचा पर शिडासारखा उंच आणि लांब बुडाचा, अंगावर रेघेऐवजी ठिपके-चट्टे, आणि शेपटीआधी पुढे काटा असलेला अॅडिपोज पर. चौथ्या माशाला तो काटा स्पष्ट दिसतोय. ओटो जेमतेम चार-पाच सेंमीवर थांबतो. सकर फुटापुढे जातो आणि साठ-सत्तर लिटरच्या टाकीत वाढ खुंटून कुढत जगतो.

ओटो कोणत्या प्रजातीचे, हे फोटोवरून सांगणार नाही. या वंशात डझनाहून अधिक प्रजाती आहेत, फरक शेपटीच्या डागाच्या आकारात आणि हाडाच्या पट्ट्यांच्या मांडणीत असतो, आणि दुकानात त्या मिसळलेल्याच येतात. वहीत ‘ओटोसिंक्लस, प्रजाती अनिश्चित’ असं लिहा. चुकीचं पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा बरोबर अर्धं नाव जास्त उपयोगाचं.

नावापेक्षा तातडीचं आहे त्यांचं पोट. काचेला चिकटलेल्या ओटोचं पोट बाहेरून बघा. ते भरलेलं, गोलसर हवं. आत गेलेलं असेल तर तो वाहतुकीत उपाशी राहिलाय. तीन-चार महिने जुन्या, काचांवर तपकिरी-हिरवा पातळ थर असलेल्या टाकीतच ओटो तग धरतो. चकचकीत काचांच्या नव्या टाकीत तो आठवड्यात मरतो. आणि लोकांना वाटतं, मासाच नाजूक. दोडक्याची किंवा काकडीची अर्धा सेंमी जाड चकती दोन मिनिटं उकळत्या पाण्यात धरून थंड करा, स्टीलच्या काट्याने टोचून रात्री तळाशी ठेवा आणि सकाळी काढा. चोवीस तास ठेवली तर पाणी गढूळ होतं. पहिले दोन-तीन दिवस ते तोंड लावत नाहीत, तरी रोज नवी चकती द्या.

प्रश्न : मेलेला टेट्रा ओळखण्यासाठी जपून ठेवायचा तर काय करावं? मी फ्रीजरमध्ये ठेवला होता, काहीच कळेना.
– पंचवटी

उत्तर : फ्रीजरमध्ये पर चिकटून मोडतात आणि डोळे पांढरे पडतात. मासा मेल्यावर पहिल्या तासातच फोटो काढायला हवा. उथळ बशीत पाणी घेऊन त्यात मासा डोकं डावीकडे ठेवून आडवा करा, मऊ ब्रशने पर पसरवा, बाजूला पट्टी ठेवा. मग औषध दुकानातलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. माशाच्या आकारमानाच्या दहापट द्रव, घट्ट झाकणाची काचेची बाटली. दोन दिवसांनी द्रव बदला, कारण अंगातलं पाणी त्यात उतरून तो पातळ होतो. सॅनिटायझरचा जेल नको, त्यातून पुढे काही दिसत नाही. फॉर्मेलिन घरात आणू नका, त्याची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक आहे. कुठल्या दुकानातून, कधी घेतला, केव्हा मेला, हे जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

चार-पाच दिवसांत लाल आणि पिवळा रंग निघून जाईल, काळा राहील. घाबरू नका, शास्त्रज्ञही बरंचसं काम अशाच रंग गेलेल्या माशांवर करतात, म्हणून त्यांच्या वर्णनात काळ्या खुणांना एवढं महत्त्व असतं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर शेपटीच्या पराचं बूड बघा. तिथे परावर चढलेले खवले असतील तर जुन्या पद्धतीप्रमाणे मासा हेमिग्रामसकडे जातो, नसतील तर हायफेसोब्रायकॉनकडे. ही खूण आता पूर्ण भरवशाची मानत नाहीत, अनेक प्रजातींचे वंश बदलत आहेत, तरी सुरुवातीला तिचा उपयोग होतो. मग गुदपराच्या (पोटामागच्या खालच्या पराच्या) शिरा मोजा. टेट्रात त्या बहुधा वीसच्या पुढे जातात, आपल्या बार्बमध्ये सात-आठच. नराच्या याच शिरांवर बहुधा हाडाचे बारीक, हुकासारखे काटे असतात. जिवंत टेट्राचा गुदपर जाळीत अडकतो तो त्यामुळे. ओढून काढू नका, जाळी पाण्यात उलटी धरा, तो स्वतः सुटतो.

प्रश्न : मुलाने पाच सेंमीचा लाल पोटाचा ‘पिरान्हा’ आणला. घरात ठेवणं धोक्याचं आहे का?
– नाशिक रोड

उत्तर : फोटोतला मासा पिरान्हा नाही, पाकूचं पिल्लू आहे. मासळी बाजारात रूपचंद म्हणून मिळतो तोच. लहानपणी पाकूचं पोट लाल आणि अंगावर ठिपके असतात, म्हणून गल्लत होते. खालचा जबडा बघा. पिरान्हाचा पुढे आलेला असतो आणि दात त्रिकोणी, एकमेकांत बसणारे. पाकूचा जबडा समतल, दात चौकोनी, माणसाच्या दाढांसारखे, फळं आणि बिया फोडणारे. धोका चावण्याचा नाही, आकाराचा आहे. हा मासा फूट-दीड फुटाचा होतो. तुमच्या तीन फुटी टाकीत वर्षभरही सुखाने राहणार नाही.

मोठा झाला म्हणून गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडू नका. हेच सकरला लागू. सकर देशातल्या कित्येक नद्या-तलावांत पसरलाय, तो काठात बिळं करतो, मच्छीमारांची जाळी फाडतो, आणि एकदा बाहेर गेला की परत गोळा करता येत नाही. दुकानदार मोठा झालेला मासा परत घेतो का, हे पैसे देण्याआधीच विचारा. तो नाही म्हणाला तर दुसरा मासा निवडा.